जॅकेटमधलं शिसं: भरायचं कसं, बसवायचं कसं, सोडायचं कसं

स्कूबा जॅकेटमधली हवा डाइव्हरला तरंगवते, आणि त्याच्या वजनकप्प्यातलं शिसं खाली जाऊ देतं. या वजनकप्प्याकडून आपण दोन उलट कामं मागतो. डाइव्ह चालू असताना तो काही केल्या सुटता कामा नये, आणि गरज पडली की एका हिसक्यात हातात आला पाहिजे. त्यामुळे तक्रारीही दोनच प्रकारच्या असतात: कप्पा मधेच गळून पडला, किंवा ओढला तरी निघाला नाही. पुण्याच्या डाइव्हरची त्यात आणखी एक भर. सराव इथल्या जलतरण तलावाच्या गोड्या पाण्यात, आणि डाइव्ह मालवण, नेत्राणी नाहीतर अंदमानच्या खाऱ्या पाण्यात. तलावात जमलेला आकडा तिकडे चालत नाही.

पुढचं सगळं ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स झालेल्यांसाठी आहे. पर्यटकांना प्रशिक्षक हाताला धरून जी छोटी डाइव्ह घडवतो, तिच्यात वजन तोच बसवतो. तिथे आपलं डोकं चालवू नका.

कप्पा आतून कसा असतो

मुख्य कप्पे दोन, कमरेच्या दोन्ही बाजूंना, पुढे. प्रत्येकात एक सुटी पिशवी आत सरकते आणि तिची मूठ बाहेर राहते. मूठ ओढली की पिशवी शिशासकट बाहेर. मागे, सिलिंडरच्या पट्ट्याजवळ, आणखी दोन लहान कप्पे असतात. त्यांना ट्रिम पॉकेट म्हणतात. ते फक्त तोल साधण्यासाठी असतात, पाण्याखाली त्यांच्यातलं शिसं झटकन टाकता येत नाही. मुख्य कप्प्याला साधारण ४ ते ५ किलो आणि मागच्याला २ किलोच्या आसपास मर्यादा असते, पण खरा आकडा जॅकेटच्या आतल्या लेबलवर असतो. तो वाचा आणि पाळा. मर्यादेपेक्षा जास्त शिसं भरलं तर शिवण फाटणं पुढची गोष्ट, आधी खटकाच नीट बसत नाही.

पिशवी धरून ठेवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. जुन्या आणि स्वस्त जॅकेटांत नुसतं वेल्क्रो. बऱ्याच जॅकेटांत बॅगेला असतं तसं चिमट्याचं बकल. महागड्यांत पिशवी सरकून आत अडकते असा प्लास्टिकचा यांत्रिक खटका.

वेल्क्रो हळूहळू दगा देतं. त्याच्या हुकांच्या, काटेरी बाजूत वाळू, केस, टॉवेलचे धागे भरतात आणि पकड दर मोसमाला थोडी थोडी ढिली होते. परीक्षा आवाजाची: सोडवताना कडक ‘चर्र’ आवाज आला तर ठीक, मऊ ‘फस्स’ आला तर बदलायला झालं. बकल मोडतं ते एकदम. त्याच्या दोन्ही पाकळ्यांच्या मुळाशी पांढरट रेघ दिसली तर प्लास्टिक थकलंय असं समजा. यांत्रिक खटक्याचा शत्रू वाळूचा एक कण. खाचेत तो अडकला की पिशवी शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आत जातच नाही. वरून बघितलं तर बसल्यासारखी दिसते, ओढली तर सहज हातात येते.

आमचं मत बकलच्या बाजूने आहे, कारण ते बसलं की नाही हे डोळ्यांना दिसतं आणि कानाला ऐकू येतं. मात्र तुटलं तर त्याच कंपनीचा सुटा भाग मागवा. पुण्याच्या बोहरी आळीत अगदी जुळं वाटेल असं बॅगेचं बकल मिळतं, नर-मादी एकमेकांत बसतंही. पण ज्या ओढीला ते सुटायला हवं त्या ओढीला ते सुटेल, याचा भरवसा नाही. वेल्क्रो बदलायचं तर बॅग शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने, आणि मूळ पट्टी जेवढी होती तेवढीच. घट्ट राहावं म्हणून मोठी पट्टी लावलीत तर ऐनवेळी पिशवी ओढून निघणार नाही.

किती किलो

आधी शिसं मोजा. भाड्याच्या ठोकळ्यांवरचे आकडे घासून गेलेले असतात, काहींवर आकडाच नसतो. काही ठोकळे पाउंडांत ओतलेले असतात: ‘४’ लिहिलेला ठोकळा ४ पाउंडांचा असेल तर तो भरतो १.८ किलो. बॅग मोजायचा लटकता काटा सोबत असला की हा गोंधळ मिटतो. आणि पाण्यात शिसंही थोडं हलकं होतं. समुद्रात १ किलो शिसं साधारण ९१० ग्रॅमचं काम करतं. (पिशवीत वाळू भरायची कल्पना अधूनमधून कुणाला तरी सुचते. एक किलो वाळू पाण्याखाली सहाशे ग्रॅमच्या आसपास राहते, आणि शिवणीतून गळून खटक्यात जाते. नको.)

तलावात तपासणी सत्राच्या शेवटी करा, सिलिंडर ५० बारवर (बार हे हवेच्या दाबाचं माप) आलेला असताना. पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात उभे तरंगा, श्वासाला हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, जॅकेट पूर्ण रिकामं. पायाच्या घोट्यांची कात्री करून ठेवा. इथेच बहुतेकांची फसगत होते: पाय नकळत हलत राहतात, माणूस वर राहतो आणि वजन कमी आहे असं वाटून शिसं वाढवत सुटतो. नेहमीसारखा श्वास घ्या आणि पृष्ठभागावर तसेच स्थिर राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. डोकं वर राहिलं तर अर्धा किलो वाढवा. भरलेल्या छातीनेही बुडत असाल तर अर्धा किलो काढा. सूट घातला असेल तर आधी पाच मिनिटं भिजू द्या, कोरड्या निओप्रीनमध्ये (सूटच्या फोमसारख्या रबरात) अडकलेली हवा आकडा बिघडवते.

भरलेल्या सिलिंडरने तपासलं असेल तर आलेल्या आकड्यात २ किलो मिळवा. हिशोब असा: नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा. तो २०० वरून ५० बारवर येईपर्यंत १,६६५ लिटर हवा संपते, आणि एक लिटर हवा सुमारे १.२ ग्रॅम भरते. म्हणजे डाइव्हच्या शेवटी तुम्ही २ किलोने हलके झालेले असता. समुद्रात हाच सिलिंडर भरलेला असताना पाऊण किलोच्या आसपास खाली ओढतो आणि रिकामा झाला की जवळजवळ २ किलोने वर उचलतो. सुरुवातीला मस्त स्थिर असलेला डाइव्हर वर येताना पाच मीटरवर घ्यायच्या शेवटच्या थांब्यावर फुग्यासारखा वर जातो, त्याचं कारण हे. पोलादी सिलिंडर रिकामा झाल्यावर असा वर उचलत नाही, म्हणून तो मिळाला तर शिसं कमी लागतं. पुन्हा तपासा.

आता खारं पाणी. ते गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून सगळ्या सामानासकट तुमचं जे वजन होईल त्याच्या अडीच टक्के जास्तीचं लागतं. सत्तर किलोचा माणूस, पंचवीस किलो सामान आणि तलावात पोहण्याच्या कपड्यांवर लागलेलं २ किलो शिसं: एकूण ९७. त्याचे अडीच टक्के २.४ किलो, आणि शिशाची पाण्यातली घट धरली की अडीच किलोच्या थोडं वर. त्यात ३ मिलिमीटरच्या पूर्ण सूटचे साधारण २ किलो. तलावातले २ समुद्रात साडेसहा होतात ते असे. हा आकडा सुरुवातीचा. मालवणच्या पाण्यात उतरल्यावर डोळ्यांच्या रेषेची परीक्षा पुन्हा द्यायचीच.

जास्तीचं शिसं म्हणजे जास्तीची सुरक्षा असा समज आहे, तो सोडा. तीन किलो जादा घेतले तर ते पेलायला जॅकेटमध्ये तीन लिटर जादा हवा ठेवावी लागते. ती हवा वर येताना फुगते, खाली जाताना आक्रसते, आणि तुमचं निम्मं लक्ष जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणावर राहतं.

वाटणी

वरच्या साडेसहा किलोंची वाटणी अशी करता येईल: पुढे २ आणि २, मागे १ आणि १, उरलेला अर्धा किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर पाठीच्या मधोमध. पुढचे चार आपण ठरवून पुढे ठेवलेत. जॅकेट फाटलं, हवा धरत नाही आणि सिलिंडर भरलेला आहे अशा वेळी तुम्ही २ किलोने जड असता. म्हणजे सुटणारं शिसं या दोनपेक्षा बरंच जास्त हवं, तरच डोकं पाण्याबाहेर राहील. सगळं मागच्या कप्प्यांत टाकून ‘काय सुंदर आडवा तोल येतो’ म्हणणाऱ्याकडे टाकायला काहीच उरत नाही. उलट सगळं पुढे ठेवलं तर ओढल्यावर एकदम साडेसहाने हलके व्हाल.

पाय खाली लोंबत असतील तर थोडं शिसं पुढून मागच्या कप्प्यांत न्या आणि सिलिंडर पट्ट्यात दोन-तीन बोटं वर सरकवा. डोकं खाली जात असेल तर याच्या उलट. एका कुशीवर कलत असाल तर शिशाकडे बोट दाखवण्याआधी सिलिंडर मधोमध आहे का ते बघा.

कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा पूर्ण सोडून द्यायला आम्ही सांगणार नाही. कंबर दुखणाऱ्यांना आणि ज्यांचा पट्टा घसरतो त्यांना जॅकेटमधलं शिसं वरदान आहे, हे खरं. पण काही अडकलं म्हणून पाण्यात जॅकेट उतरवावं लागलं की जॅकेट शिसं घेऊन खाली आणि सूटमधले तुम्ही वर. दोघांना जोडणारी फक्त तोंडातली नळी. जाड सूट असेल आणि एकूण ६ किलोच्या वर लागत असेल तर २ किलो पट्ट्यावर ठेवा. सगळंच जॅकेटमध्ये असेल तर ते काढताना एक हात त्याच्यावरून सुटू देऊ नका.

भरणं आणि बसवणं

शिशाच्या छर्ऱ्यांच्या मऊ पिशव्या कप्प्याच्या आकारात बसतात, बरगडीला टोचत नाहीत आणि तलावाच्या फरशा फोडत नाहीत. मात्र मधे फुगलेली पिशवी कप्प्यात अडकते. एक २ किलोची घेण्यापेक्षा १-१ किलोच्या दोन बऱ्या, एकीवर एक सपाट. ठोकळे असतील तर कड आतल्या बाजूला वळवा आणि मोकळी जागा राहिली तर पिशवीची झडप घट्ट दुमडा. खुळखुळणारा ठोकळा प्रत्येक हालचालीत खटक्यावर हातोडीसारखा आपटत असतो.

बसवताना जॅकेट रिकामं हवं. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी सांगत नाही. फुगलेलं जॅकेट कप्पा आतून दाबतं, पिशवी पाऊण आत जाऊन थांबते आणि आपल्याला वाटतं बसली. पाण्यात हवा सोडली की कप्पा सैल, पिशवी तळाला. म्हणून आधी हवा काढा, जॅकेट अंगात घाला, बसा, मग डावी पिशवी डावीकडे आणि उजवी उजवीकडे. अदलाबदल केली तर काही जॅकेटांत मूठ उलट्या दिशेला येते. तळहाताने शेवटपर्यंत दाबा, टक् आवाज ऐका. मग मूठ न धरता पिशवीच्या कडेला बोटं घालून खाली जोरात ओढून बघा. वेल्क्रो असेल तर दोन्ही पट्ट्या काठाला काठ जुळल्या पाहिजेत, तिरक्या नकोत.

यानंतर मुठीभोवतीची जागा साफ ठेवा. पोटावरचा रुंद पट्टा मुठीवर चढतो, दाब दाखवणाऱ्या गेजची नळी मुठीत अडकते, कॅमेऱ्याची दोरी तिथेच लोंबते. पहिल्यामुळे पिशवी निघत नाही, बाकीच्या दोघांमुळे नको तेव्हा निघते.

बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) दाखवा: मूठ कुठे, ओढ कोणत्या दिशेला. काही पिशव्या पुढे, काही वर, काही बाहेरच्या बाजूला ओढायच्या असतात. ‘हो हो, माहितीये’ यावर समाधान मानू नका, त्याचा हात मुठीपर्यंत जाऊ द्या.

सोडण्याचा सराव

जागा: तलावाचा उथळ भाग. सार्वजनिक तलावांवर सिलिंडर घेऊन उतरू देत नाहीत, तेव्हा व्यवस्थापनाची आधी परवानगी किंवा डाइव्ह क्लबच्या राखीव वेळेत. तळाला जुनी रबरी चटई टाका.

डोळे मिटा. हात बरगडीवरून खाली सरकवत मूठ शोधा, ओढा, हात अंगापासून पूर्ण लांब न्या आणि मग सोडा. शरीराजवळ सोडलेली पिशवी नळीत नाहीतर पायातल्या फिनमध्ये अडकते, आणि ओझं टाकलं असं समजणारा ते बरोबरच घेऊन फिरतो. आधी उजवी, मग डावी, मग एकाच हाताने दोन्ही. आणि एकदा जॅकेट पूर्ण फुगवून. दाबामुळे तेव्हा ओढ जड लागते, आणि पृष्ठभागावर दमलेला माणूस जॅकेट फुगवूनच तरंगत असतो. पहिल्या हिसक्याला निघाली नाही तर भरण चुकलंय किंवा खटका घाण झालाय. ताकद वाढवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

समुद्रातला क्रम: पृष्ठभागावर अडचण आली तर आधी जॅकेट फुगवा, इन्फ्लेटर चालत नसेल तर तोंडाने. त्यानेही भागलं नाही तर एक पिशवी. तरीही नाक-तोंड पाण्यात जात असेल तर दुसरी. शिसं गेल्याचं दुःख बोटीवर करायचं. खोलवर पिशवी टाकणं हा मात्र शेवटचा उपाय, कारण त्यानंतर वर जाण्याचा वेग तुमच्या हातात राहत नाही.

नको तेव्हा सुटली तर

पंधरा मीटरवर एका बाजूचे २ किलो गेले. आधी कुशीवर कलल्यासारखं वाटेल, मग वर उचललं जायला लागाल. लगेच जॅकेटमधली सगळी हवा काढा. तेव्हा डोकं वर असेल तर खांद्याच्या वाल्व्हने, खाली असेल तर कमरेच्या मागच्या. श्वास चालू ठेवा, रोखू नका. सोडताना जास्त सोडा. अंग आडवं करून हातपाय फाकवा, पाणी थोडं तरी अडवतं. जवळ नांगराची दोरी किंवा उघडा खडक असेल तर पकडा. बडी जवळ असेल तर त्याने तुमचा पट्टा धरावा आणि स्वतःची हवा काढून दोघांना सांभाळावं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा सावकाश आणि जमलं तर ५ मीटरवर तीन मिनिटं थांबून वर या. पडलेल्या पिशवीच्या मागे खाली जाऊ नका, आणि गडबडीत दुसरी मूठ धरू नका.

बोटीवर

सिलिंडर, जॅकेट, रेग्युलेटर आणि शिसं मिळून ओझं पंचवीस किलोंच्या पुढे जातं. बोटीवरचा माणूस पाण्यातून ते वर ओढताना समोर दिसेल ती मूठ धरतो, आणि समोर दिसते ती नेमकी वजनाची. पिशवी त्याच्या हातात, बाकीचं सामान तुमच्या डोक्यावर. म्हणून शिडीशी आल्यावर आधी हाक द्या: ‘दादा, आधी शिसं घ्या, मग जॅकेट!’ पिशव्या एकेक करून, खालून हाताचा आधार देऊन द्या. उतरताना मागे कोलांटी घेऊन पडणार असाल तर पडण्याआधी दोन्ही मुठी एकदा चाचपा, पाण्यावर आपटल्यावर अर्धवट बसलेली पिशवी तिथेच निघते.

शिसं पुण्याहून नेऊ नका, डाइव्ह सेंटरवर मिळतं. फक्त फोन करून विचारा की ठोकळे कोणत्या मापाचे आहेत. पट्ट्यात ओवायचे लांबट ठोकळे कित्येक पिशव्यांत आडवेच बसत नाहीत. विमानाने जाणार असाल तर रिकाम्या पिशव्या केबिनच्या बॅगेत ठेवा. पिशवी हरवली तर जॅकेट निरुपयोगी, आणि त्या मॉडेलचीच दुसरी मिळायला आठवडे जातात. गाडीने गेलात तर शेवटच्या डाइव्हनंतर लगेच घाट चढू नका. कोकणातून देशावर येताना सहाशे-सातशे मीटर उंची गाठली जाते, आणि डाइव्हनंतर लगेच उंचीवर जाणं धोक्याचं. ती रात्र खालीच काढलेली बरी.

धुणं

शिसं काढल्याशिवाय जॅकेट धुऊ नका आणि शिसं ठेवून टांगूही नका, पट्टे ताणतात. पिशव्या उलट्या करून अर्धा तास गोड्या पाण्यात भिजवा, तलावात वापरल्यावरसुद्धा, कारण क्लोरीन वेल्क्रो आणि शिवणीला मिठाइतकंच खातं. वेल्क्रोच्या हुकांची बाजू जुन्या टूथब्रशने झाडा, खटक्याच्या खाचेत नळाची बारीक धार मारा. तेल, ग्रीस काही लावायचं नाही, त्याला वाळू चिकटते. तळाची पाणी जायची भोकं उघडी आहेत का तेही बघा.

उघडे छर्रे एकमेकांवर घासून करडी भुकटी सोडतात. ती विषारी असते. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये हे धुऊ नका, हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांच्या हाताला लागू देऊ नका. घरी शिसं वितळवून ठोकळे ओतण्याचा उद्योग तर अजिबात नको.

पावसाळ्यात मालवणच्या बोटी बंद असतात आणि पुण्याच्या दमट हवेत कपाटात कोंबलेल्या जॅकेटला बुरशी धरते. ते सावलीत, पिशव्या बाहेर काढून टांगा. मोसम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पिशवी भरून दहा वेळा बसवा आणि दहा वेळा ओढा. दहापैकी एकदा जरी अडली किंवा न ओढता सरकली, तरी आधी दुरुस्ती आणि मग मालवणचं बुकिंग.